पाटाच्या कडेने सायकल : नाशिक परिसरासाठी तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

नाशिकहून सायकल घेऊन पाटाच्या रस्त्याला लागणारे बरेच जण अर्ध्या वाटेतून परत येतात, आणि त्याचे कारण बहुधा दमछाक नसते. कालव्याला किलोमीटरमागे काही सेंटिमीटरच उतार दिलेला असल्याने त्याच्या कडेचा रस्ताही जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे आठ-दहा वर्षांचे मूलसुद्धा तिथे सहज सायकल चालवू शकते. अडते ते वेगळ्याच ठिकाणी. भराव ओला असतो, मोरीवर रस्ता संपतो, दोन्ही चाकांत सराट्याचे काटे घुसतात किंवा उन्हे कलल्यावर उसाच्या फडालगत यावे लागते.

यातल्या बहुतेक अडचणी चुकीच्या क्रमातून येतात. लोक आधी तारीख ठरवतात, मग उपग्रह नकाशावर निळी रेघ पाहून अंतर मोजतात, आणि पाटात पाणी आहे की नाही हे त्यांना काठावर पोहोचल्यावर कळते. क्रम नेमका उलटा हवा : आधी पाणी, मग पट्टा, मग तारीख आणि शेवटी अंतर. पाटाच्या कडेचा रस्ता वाहतुकीसाठी बांधलेला नाही. तो जलसंपदा विभागाचा सेवा रस्ता आहे आणि पाणी सोडणाऱ्या, गेट फिरवणाऱ्या, भराव तपासणाऱ्या माणसांसाठी तो ठेवलेला आहे. ही गोष्ट मनात धरली की पुढचे टप्पे आपोआप समजतात.

१. पाण्याची चौकशी

आपल्याकडे सिंचनाचे वर्ष तीन हंगामांत विभागलेले असते : १ जुलै ते १४ ऑक्टोबर खरीप, १५ ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर रब्बी आणि १ मार्च ते ३० जून उन्हाळी. सायकलीसाठी उत्तम काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे नेमका रब्बीचा. या काळात पाट सलग वाहत नाही, पाणी आवर्तनाने, म्हणजे ठरवून दिलेल्या पाळीने सुटते. किती आवर्तने द्यायची हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते, आणि आवर्तन सुटण्याच्या व बंद होण्याच्या बातम्या स्थानिक वर्तमानपत्रांत येतात. त्या वाचाव्यात, पण तेवढ्यावर थांबू नये. ज्या गावापासून पाटावर चढणार त्या गावातल्या एखाद्या शेतकऱ्याला किंवा पाटकऱ्याला (पाटाची देखरेख करणाऱ्या माणसाला) आदल्या दिवशी फोन करावा. पाणी पाटाच्या शेवटच्या टोकाकडे पोहोचायला कित्येक दिवस लागतात, त्यामुळे धरणाजवळ पाट भरून वाहत असताना खाली तो कोरडा असू शकतो आणि त्याच्या उलटही घडते.

आवर्तन चालू असताना जाऊ नये, असे मी सांगतो. वाहता पाट पाहायला सुंदर असतो हे खरे आहे. परंतु त्या दिवसांत पाझराने भराव ओला असतो, पाणीचोरी रोखण्यासाठी गस्त चालू असते, आणि रस्त्यावर डोंगळ्यांचे पाइप आडवे पडलेले असतात. पाटातून सायफनने पाणी उचलण्यासाठी टाकलेल्या या पाइपांना आपल्याकडे डोंगळे म्हणतात, हे नव्या वाचकांसाठी सांगतो. काही ठिकाणी मोटारीची केबलही ओल्या मातीतून गेलेली असते. आवर्तन बंद झाल्यावर पाच-सहा दिवस जाऊ द्यावेत, म्हणजे माती आवळते. लहान मुले बरोबर असतील तर पाट कोरडा असतानाच जावे, याबाबत माझे मत ठाम आहे.

तपासा : पाणी कधी बंद झाले याची तारीख कळली का? नुसते ‘आता पाणी नाही’ एवढे उत्तर पुरेसे नाही.

२. पट्टा निवडणे

नाशिककरांना जवळचे पर्याय साधारण तीन आहेत. पहिला गंगापूर डावा कालवा. तो गंगापूर धरणातून निघून मखमलाबादजवळून पूर्वेकडे जातो. घरापासून जवळ असल्याने सगळे तिथेच जातात, पण शहरालगतच्या भागात या रस्त्याचा वापर नेहमीच्या रस्त्यासारखा होतो, दुचाक्या सतत येतात. निवांतपणा हवा असेल तर वस्ती मागे टाकून पुढूनच सुरुवात करावी.

दुसरा पर्याय दिंडोरी तालुक्यातल्या कादवा नदीवरील पालखेड धरणातून निघणाऱ्या डाव्या कालव्याचा. हा निफाड तालुक्यातून येवल्याकडे जातो. द्राक्षबागा आणि कांद्याची शिवारे यांतून जाणारा हा पट्टा मला सर्वांत आवडतो. मात्र मनमाड आणि येवला यांच्या पिण्याच्या पाण्यासाठीही यातून पाणी सोडले जात असल्याने शेतीचे आवर्तन नाही म्हणजे पाट बंद, असे इथे धरून चालता येत नाही.

तिसरा पर्याय गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरच्या नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्याचा. इथून गोदावरीचे डावा आणि उजवा असे दोन जुने कालवे कोपरगाव-राहात्याच्या दिशेने निघतात. त्याच बंधाऱ्याच्या पाणपसाऱ्यावर पक्षी अभयारण्य आहे, आणि राज्यातली पहिली रामसर पाणथळ जागा म्हणून त्याची नोंद आहे. अभयारण्याच्या हद्दीत वन विभागाचे नियम लागू होतात. तिथे चापडगावच्या प्रवेशद्वारावर विचारल्याशिवाय सायकल आत नेऊ नये, आणि पाटाची फेरी व पक्षीनिरीक्षण एकाच सकाळी उरकण्याचा मोह टाळावा, कारण दोन्ही अर्धवट राहतात.

निफाड नाशिकपासून सुमारे ४० किलोमीटर आणि नांदूर मध्यमेश्वर सुमारे ६० किलोमीटर आहे. हे अंतर महामार्गावरून सायकलने कापून मग पाटावर चढणे ही नवख्यांची ठरलेली चूक आहे. वाहतूक टाळण्यासाठी निघालेला माणूस सर्वांत दाट वाहतुकीतच दमून जातो. सायकली गाडीत किंवा टेम्पोत टाकून सुरुवातीच्या गावापर्यंत न्याव्यात.

पट्टा ठरला की उपग्रह चित्र मोठे करून पुढील गोष्टी पाहाव्यात. पाटाच्या कोणत्या कडेला रुंद फिकट पट्टी दिसते? पाट उताराला आडवा जात असल्याने बहुतेक ठिकाणी खालच्या अंगाच्या भरावावर गाडीचा रस्ता असतो आणि वरच्या अंगाला नुसती पायवाट. पाट कुठे ओढ्यावरून जलसेतूने (पाणी नेणाऱ्या पुलाने) जातो किंवा ओढ्याखालून सायफनने (बंद नळीने) जातो? अशा प्रत्येक ठिकाणी सेवा रस्ता तुटण्याचा किंवा एकदम अरुंद होण्याचा संभव असतो. गावाकडे उतरणारे रस्ते किती अंतरावर आहेत? दर दोन-तीन किलोमीटरला उतरायला वाट असलेला पट्टाच पहिल्या वेळी घ्यावा. आणि रस्त्याला अगदी खेटून उसाचे फड किती आहेत, हेही मोजावे. त्याचे कारण पाचव्या टप्प्यात येईल.

नकाशा कितीही चांगला असला तरी तो मागच्या हंगामातला असतो. म्हणून पाटकऱ्याला विचारणे आवश्यक आहे, आणि तेही नीट विचारणे. ‘पुढे रस्ता आहे का?’ या प्रश्नाला उत्तर नेहमी ‘आहे की’ असेच येते, कारण त्याची मोटारसायकल कुठूनही जाते. त्याऐवजी असे विचारावे : ‘नाना, ट्रॅक्टर कुठपर्यंत जातो? भराव कुठे खचलाय का? जलसेतूवरून सायकल हातात धरून नेता येईल की उचलावी लागेल?’ या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की नकाशावर खुणा करून ठेवाव्यात. त्याच वेळी सायकलीने गेलेले चालेल का हेही विचारावे, आणि मोठा गट असेल तर सिंचन शाखा कार्यालयात आधी कळवावे. ‘प्रवेश बंद’ असा फलक किंवा साखळी असेल तिथे वळसा घालून आत शिरू नये.

३. सायकलची तयारी

पाटावर बारीक टायरची शर्यतीची सायकल चालत नाही. हायब्रिड किंवा माउंटन प्रकारची, निदान ३५ मिलिमीटर रुंदीच्या टायरची सायकल घ्यावी. रुंद टायरची साधी जुनी सायकलही चांगली चालते.

हवा ही इथली पहिली चूक आहे. डांबरी रस्त्यासाठी टणक भरलेली हवा तशीच ठेवून लोक मुरमावर येतात, चाक दगडावरून उडत राहते आणि मनगटे भरून येतात. दोन इंची टायरमध्ये ३० ते ३५ पीएसआय आणि ३५ ते ४० मिलिमीटरच्या टायरमध्ये ४५ ते ५० पीएसआय हवा मध्यम वजनाच्या माणसाला पुरते. वजन जास्त असेल तर थोडी वाढवावी. टायरच्या बाजूवर छापलेल्या किमान-कमाल मर्यादेबाहेर मात्र जाऊ नये.

दुसरी गोष्ट काट्यांची. पावसाळ्यानंतर सराटे वाळतात आणि ऑक्टोबरपासून भरावावर सर्वत्र पसरलेले असतात. सराट्याचे वाळलेले फळ हरभऱ्याएवढे, पण जमिनीवर कसेही पडले तरी त्याचे एखादे टोक वर राहतेच. त्यात वेड्या बाभळीच्या काट्यांची भर असते, कारण कुंपणासाठी तोडलेल्या काट्या रस्त्यावरून ओढतच नेतात. दुकानातून ट्यूबमध्ये पंक्चररोधक द्रव भरून घेतला तर बारीक काट्यांचा प्रश्न बराच सुटतो. तो नको असेल तर टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये संरक्षक पट्टी बसवावी.

मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये बोट सहज जाईल इतकी जागा असावी. नसेल तर ओल्या काळ्या मातीत चाक दहा-वीस मीटरमध्ये जाम होते. साखळीला तेल थोडे लावून फडक्याने पुसून घ्यावे, कारण तेलकट साखळीवर धूळ बसली की ती पॉलिशपेपरसारखी घासते.

तपासा : घंटी वाजते का? पाटावर हॉर्नचा आवाज नसल्याने मागून आलेली सायकल कोणाला ऐकू येत नाही, आणि दचकलेली म्हैस पाण्याच्या बाजूला नाही, तुमच्या बाजूला वळते.

४. बरोबर काय घ्यावे

प्रत्येकी दोन लिटर पाणी घ्यावे. पाटाचे पाणी पिऊ नये, त्यात शिवारातली फवारणी आणि कपड्यांचा साबण दोन्ही उतरतात. प्रत्येक सायकलीमागे दोन ट्यूब, गटात एक पंप, टायर लिव्हर, ठिगळांचे पाकीट, ॲलन चाव्या, लहान चिमटा आणि जुने सुती फडके घ्यावे. चिमटा सगळे विसरतात. तुटून टायरमध्ये रुतलेला काटा बोटांनी निघत नाही. १० मीटर नायलॉनची दोरीही घ्यावी, तिचा उपयोग सातव्या टप्प्यात सांगितला आहे. हेल्मेट सपाट रस्त्यावरही घालावे. खाणे साधेच असावे. शेंगदाण्याची चटणी-भाकरी, केळी किंवा गूळ-शेंगदाणे पुरेसे होतात, आणि रिकाम्या पिशव्या परत आणाव्यात, कारण पाटात टाकलेली पिशवी खालच्या एखाद्या चारीच्या तोंडाशी अडकते आणि कोणाचे तरी पाणी अडवते.

५. निघण्याची वेळ आणि सोबत

सायकलस्वारांना पहाटे निघण्याची सवय असते. पाटावर ती सवय सोडावी. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, धुके असते, निफाड परिसरात पारा अनेकदा १० अंशांखाली जातो, आणि मुख्य म्हणजे निफाड, दिंडोरी, सिन्नर या तालुक्यांत उसाच्या आडोशाने बिबट्याचा वावर आहे. पहाट आणि संध्याकाळ या त्याच्या फिरण्याच्या वेळा आहेत. सायकलवर वाकून बसलेला एकटा माणूस किंवा लहान मूल अशा वेळी फडालगत नसावे. सकाळी आठनंतर पाटावर चढावे आणि दुपारी चारपर्यंत उतरलेले असावे.

तीन ते सहा जणांचा गट सर्वांत सोयीचा. मुले मध्ये असावीत, जाणता माणूस शेवटी असावा. पुढे मात्र सर्वांत वेगवान माणसाला ठेवू नये, सर्वांत हळू चालवणाऱ्याला ठेवावे. त्यामुळे गट तुटत नाही.

इशारा : बिबट्या दिसलाच तर सायकल वळवून पळू नये, खाली वाकू नये. एकत्र उभे राहून मोठ्याने आवाज करावा, सायकली आपल्या आणि त्याच्या मध्ये ठेवाव्यात आणि त्याला निघून जायला वाट ठेवावी. वन विभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे.

६. पाटावर चढल्यानंतरचे पहिले दोन किलोमीटर

हे अंतर तपासणीचे समजावे. चढल्यावर सर्वप्रथम खाली उतरून टाच मातीत दाबावी. टाचेचा ठसा उमटून कडा तुटल्या तर माती कोरडी आहे. ठसा चकाकला आणि माती बुटाला चिकटून वर आली तर त्या दिवशी पाट सोडून द्यावा आणि शिवाररस्त्याने फिरावे. ‘पुढे वाळले असेल’ ही आशा सहसा खरी ठरत नाही, कारण पुढचा भराव त्याच पाझराने भिजलेला असतो.

मग चाकांच्या खुणा पाहाव्यात. ट्रॅक्टरच्या ताज्या खुणा दोन्ही बाजूंनी सलग दिसत असतील तर रस्ता निदान पुढच्या फाट्यापर्यंत धड आहे. ट्रॅक्टरच्या खुणा एखाद्या मळ्याकडे उतरून गेल्या आणि पुढे फक्त मोटारसायकलची एकच रेघ उरली, तर पुढे रस्ता अरुंद किंवा खचलेला असणार. ही खूण मी आजवर कधी चुकलेली पाहिलेली नाही.

काठावरचे किलोमीटरचे दगड आणि बांधकामांवर रंगवलेले साखळी क्रमांक (पाटाच्या सुरुवातीपासूनच्या अंतराचे आकडे) वाचत जावे. फोनमध्ये चढण्याच्या जागेचा आकडा टिपून ठेवावा. मदत मागायची वेळ आली तर ‘द्राक्षबागेजवळ’ असे सांगून उपयोग नसतो, तिकडे सगळीकडे द्राक्षबागाच असतात. ‘डावा कालवा, अमुक किलोमीटर, अमुक गावाच्या वर’ असे सांगितले तर पाटकरीसुद्धा थेट तिथे पोहोचतो. तातडीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक लक्षात असावेत.

७. चालवताना

ताशी १० ते १२ किलोमीटर वेग पुरे. रस्त्याच्या पाण्याकडच्या कडेपासून निदान दोन मीटर आत राहावे, आणि मुलांना नेहमी शेताच्या अंगाला ठेवावे. कडेचे गवत सपाट दिसते, पण त्याखाली खेकड्यांनी आणि घुशींनी पोखरलेली बिळे असतात. चाक त्यात बसले तर सायकल पाण्याकडेच झुकते. अशा वेळी सायकल वाचवायला जाऊ नये, ती सोडून शेताच्या बाजूला अंग टाकावे.

अस्तरीकरण केलेल्या पाटाचा धोका लोकांना कळत नाही. पाणी जेमतेम छातीएवढे असते आणि संथ दिसते, म्हणून पाय बुडवावेसे वाटतात. काँक्रीटच्या तिरप्या बाजूवर शेवाळाचा बारीक थर असतो, त्यावर पाय ठरत नाही आणि हाताला धरायला काहीही नसते. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तिथून वर येता येत नाही. कोणी पडलेच तर मागोमाग उडी मारू नये. दोरी फेकावी, ती हाताला लागली नाही तर प्रवाहाच्या दिशेने पळत पुढच्या पायऱ्यांपर्यंत किंवा पुलापर्यंत जाऊन तिथून दोरी सोडावी. गेटच्या आणि सायफनच्या तोंडापाशी पाणी आत ओढले जाते, तिथे काठावर उभे राहून फोटोही काढू नयेत.

जलसेतूवर, मोरीवर आणि डोंगळ्याचे पाइप ओलांडताना प्रत्येकाने उतरावे. पाइपावरून सायकल उडवत नेणे टाळावे, कारण पाइप गोल असल्याने चाक तिरपे सरकते, आणि पाइपाचा सांधा निसटला तर एखाद्याच्या रात्रभराच्या पाण्याचे नुकसान होते. केबल दिसली तर तिला चाक किंवा पाय न लावता सायकल उचलून ओलांडावी, आणि ती पाण्यात पडलेली असेल तर तिथूनच माघारी फिरावे.

जलसेतूखाली आणि मोठ्या झाडांवर आग्या मोहोळ असते, तिथे थांबून गप्पा मारू नयेत. द्राक्षबागेत ब्लोअरने फवारणी चालू असेल तर शंभर मीटर अलीकडे थांबून ट्रॅक्टर ओळीच्या दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत वाट पाहावी, नाहीतर सगळी फवारणी अंगावर येते. जानेवारीपासून द्राक्षकाढणी सुरू झाली की शिवाररस्त्यांवर पिकअप गाड्या वाढतात, त्यांना वाट देताना पाण्याच्या बाजूला सरकू नये. डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागवड चाललेली असते, रोपांच्या जुड्या डोक्यावर घेतलेल्या बाया पाटावरूनच येतात. त्यांच्यासाठी उतरून उभे राहावे. बांधावरून तोडून काही घेऊ नये. ‘रामराम’ म्हणून दोन शब्द बोलले तर पुढच्या रस्त्याची खरी माहिती फुकट मिळते, आणि बहुतेक वेळा चहाही.

८. परत कधी फिरायचे

अंतरावर परतीचा निर्णय ठेवला की चूक होते. पाटावर उतार जाणवत नाही, पाय दुखत नाहीत, त्यामुळे माणूस ओढल्यासारखा पुढे जातो. निर्णय घड्याळावर ठेवावा : एकूण उपलब्ध वेळेच्या चाळीस टक्के वेळ संपली की, जिथे असाल तिथून फिरावे. चार तास हातात असतील तर ९६ मिनिटे, म्हणजे दीड तासाच्या थोडे पुढे. उरलेला वेळ पंक्चर, वारा आणि चहासाठी लागतोच. सपाट आणि उघड्या भरावावर वाऱ्याला काही आडवे येत नाही, म्हणून शक्य असेल तेव्हा जाताना वारा समोरून आणि येताना पाठीमागून येईल अशी दिशा निवडावी. पहिली फेरी जाऊन-येऊन २० ते २५ किलोमीटरची असावी.

पाटाने जाऊन दुसऱ्या रस्त्याने गोल फिरून येण्याचा बेत पहिल्या वेळी नको. ज्या वाटेने गेलो तिच्या अडचणी माहीत झालेल्या असतात.

९. काट्याचे पंक्चर

एकदा आम्ही चौघे एका पाटावर दहा किलोमीटर आत होतो. एका सायकलीच्या टायरमध्ये सराटा दिसला म्हणून मी तो तिथल्या तिथे उपटला, आणि हवा सूं करून गेली. नवी ट्यूब घातली, दोनशे मीटरवर तीही बसली. टायरच्या आतून दुसऱ्या काट्याचे टोक वर आलेले होते, ते मी पाहिलेच नव्हते. त्या दिवशी दोन तास सायकल ढकलत गावापर्यंत जावे लागले. तेव्हापासून मी हा क्रम पाळतो.

टायरमध्ये काटा दिसला आणि हवा टिकून असेल तर तो काढू नये, बहुधा काट्यानेच भोक बुजवलेले असते. सावकाश मुक्कामापर्यंत यावे. हवा गेलीच तर आधी सराटे नसलेल्या जागी यावे, फडके अंथरावे आणि मग चाक काढावे. ट्यूब बाहेर काढल्यावर ती टायरवर ठेवून भोकाची जागा टायरशी जुळवून पाहावी. त्यानंतर दुमडलेले फडके टायरच्या आतून संपूर्ण गोल, दोन्ही दिशांनी, हळूहळू फिरवावे. जिथे धागा अडकेल तिथे काटा आहे. तो चिमट्याने बाहेरच्या बाजूने ओढावा. फडके न अडकता दोन वेळा फिरले की मगच नवी ट्यूब घालावी. ट्यूबमध्ये आधी तोंडाने फुंकल्याएवढी थोडी हवा भरावी, म्हणजे ती रिमखाली चिमटत नाही.

१०. घरी आल्यावर

काळी माती वाळण्याआधी सायकल धुवावी, पण पाण्याचा जोरदार फवारा चाकांच्या आणि पेडलच्या बेअरिंगवर मारू नये. टायर पुन्हा एकदा हाताने तपासावेत, कारण अर्धे रुतलेले सराटे पुढच्या फेरीत पूर्ण आत जातात. सॉक्सला चिकटलेले सराटे अंगणात झटकू नयेत, ते तिथेच रुजतात. शेवटी वहीत तारीख, पाणी बंद होऊन झालेले दिवस, चढल्या-उतरल्याचे किलोमीटर दगड आणि रस्ता तुटलेल्या जागांचे साखळी क्रमांक लिहून ठेवावेत, आणि ज्या पाटकऱ्याने रस्ता सांगितला होता त्याला फोन करून भराव कुठे खचलेला दिसला तेही कळवावे.